तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या नॅसला कुठली हार्ड डिस्क?

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "दादा, घरात नॅस बसवतोय. सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ एका जागी राहतील. त्यात घालायला स्वस्तातली डिस्क कुठली?"

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घरातल्या सगळ्यांना फोनवरून, कॉम्प्युटरवरून वापरता येते. डिस्क घेताना नुसती किंमत बघू नका. एका टीबीला, म्हणजे हजार जीबीला, किती रुपये पडतात ते काढा आणि वॉरंटी किती वर्षांची तेही बघा. सीगेट आयर्नवुल्फ, डब्ल्यूडी रेड प्लस या खास नॅससाठीच्या डिस्क. त्यांना ३ वर्षांची वॉरंटी असते. लहान डिस्क टीबीमागे बहुधा महागच पडते.

खरी मेख पुढं आहे. डिस्कच्या तबकडीवर माहिती बारीक पट्ट्यांत लिहिली जाते. लिहायच्या पद्धती दोन, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये हे पट्टे सुटे असतात. एसएमआरमध्ये ते आपल्या कौलारू छपरासारखे एकमेकांवर चढवलेले. तेवढ्याच जागेत जास्त मावतं, म्हणून डिस्क स्वस्त. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं उचलावीच लागतात. तसंच इथं एक पट्टा बदलायला पुढचे कितीतरी पुन्हा लिहावे लागतात. नॅसमधली एक डिस्क गेली आणि नवीवर उरलेल्या डिस्कवरून सगळं पुन्हा उतरवायला घेतलं, की तासन्‌तास सलग लिहिणं चालतं, आणि एसएमआरचा तिथंच दम निघतो. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि हे गिऱ्हाइकांना आधी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून नाव नको, लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या सीएमआर-एसएमआरच्या यादीत ताडून बघा.

डिस्क आली की लगेच फोटो भरू नका. स्मार्ट म्हणजे डिस्कमध्येच असलेली स्वतःची तब्येत तपासायची सोय. रात्री तिची मोठी चाचणी लावून झोपा. ४ टीबीला आठ-दहा तासही लागतात. सकाळी 'रिअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि 'पेंडिंग' (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) या ओळींपुढं शून्यच हवं. दुसरं काही दिसलं तर त्याच दिवशी डिस्क परत करा.

डिस्क दोन घ्या, दोन्हींवर तेच राहू द्या. पण दोन्ही एकाच घरात असतात, हे विसरू नका. कोल्हापुरातल्या २०१९ च्या महापुरानंतर इथल्या शुक्रवार पेठेतल्या एक काकू भिजलेला अल्बम घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. पानं चिकटलेली. मी एक पान हळूच सोडवलं, तर त्यांच्या सासऱ्यांचा चेहरा समोरच्या पानाला लागून निघून आला. काकू काही बोलल्या नाहीत, पान तसंच मिटलं.

तेव्हापासून माझी तिसरी प्रत राजारामपुरीत बहिणीकडं असते. ती मात्र स्वस्तातल्या एसएमआर एक्स्टर्नल डिस्कवर. एकदा लिहायचं आणि ठेवून द्यायचं, एवढ्याला ती चांगली चालते. जून लागायच्या आत मी ती आणतो, नवे फोटो भरतो आणि पुन्हा तिच्या कपाटात ठेवून येतो.