पदराखालचा बर्फ

मंगळाच्या मध्य-अक्षांशांत जमिनीखाली बर्फ आहे हे वाचून माहीत असणं वेगळं, आणि एका ठरावीक ढिगाऱ्याखाली तो खरोखर आहे का हे स्वतः तपासणं वेगळं. प्रकल्पासाठी मी ड्यूटेरोनिलस मेन्से हा भाग घेतला. दक्षिणेकडची उंच, विवरांनी भरलेली जमीन इथे तुटते आणि उत्तरेच्या सखल मैदानाला मिळते. मध्ये सुटी सुटी, सपाट माथ्याची पठारं उभी आहेत, आणि त्यांच्या कड्यांच्या पायथ्यापासून काही ठिकाणी १५-२० किलोमीटरपर्यंत ढिगाऱ्याचे जाड थर पसरलेले दिसतात. या भूरूपाला इंग्रजीत डेब्री एप्रन म्हणतात. आम्ही बोलताना ‘पदर’च म्हणायचो. शब्द चपखल होता, कारण कड्यापासून खाली येताना त्याला तसाच घोळ आणि तशाच चुण्या असतात.

सुरुवात नकाशापासून झाली. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याची छायाचित्रं, एका पिक्सेलमध्ये साधारण ६ मीटर जमीन. त्यावर पदरांच्या कडा, प्रवाहाच्या रेषा आणि विवरं आखायची. पहिल्या आठवड्यात मी कितीतरी खड्डे टेकड्या म्हणून आखले. हे यान दुपारी तीनच्या सुमारास जमिनीवरून जातं, म्हणून उत्तर वर ठेवलेल्या चित्रात उजेड डावीकडून येतो. आपल्या डोळ्यांना मात्र वरून पडणाऱ्या उजेडाची सवय, त्यामुळे उंचसखल उलटं दिसतं. मॅडमनी चित्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरी फिरवून दाखवलं आणि सगळ्या टेकड्या एका क्षणात जमिनीत बसल्या. त्यानंतर शंका आली की आधी चित्र फिरवायचं, मग मोला या लेसर उंचीमापकाने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांशी ताडून बघायचं, ही सवय लागली.

आखता आखता आकार ओळखीचे झाले. वाटेतल्या टेकाडाला वळसा घालून पुन्हा एकत्र येणाऱ्या रेषा. कड्याजवळ मंद उतार आणि शेवटी एकदम तीव्र, फुगीर कड. मेंदूच्या वळ्यांसारखी खडबडीत जमीन. साध्या वाटीऐवजी आत एक कडं आणि मध्ये उंचवटा असलेली विवरं, जणू उल्का कठीण खडकावर आदळलीच नाही. हे सगळं बघून माझी खात्रीच झाली होती. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हिमनदीसारखं दिसतंय, एवढंच म्हण. दगडांच्या फटींत थोडा बर्फ असला तरी ढिगारा असाच सरकतो.” १९७० च्या दशकात वायकिंग यानांच्या चित्रांत हे पदर दिसले तेव्हापासून वाद याच मुद्द्यावर होता: बर्फ किती, आणि दगड किती? वरून काढलेलं चित्र कितीही स्पष्ट असलं तरी त्याचं उत्तर त्यात नाही.

त्यासाठी त्याच यानावरचं शॅरॅड हे रडार. २० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची रेडिओ लाट खाली जाते, काही भाग पृष्ठभागावरून परततो, काही आत शिरून खालच्या थरावरून परततो. उभ्या अक्षावर वेळ, आडव्या अक्षावर यानाचा मार्ग, असा करडा पट्टा हाती येतो. चौथ्याच पट्ट्यात माझ्या पदराखाली एक सुंदर, अखंड, चमकती रेघ दिसली. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या परावर्तनाचं अनुरूपण, म्हणजे संगणकावरची नक्कल, चालवलं. यान साधारण ३०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि रडारची लाट फक्त सरळ खाली जात नाही. वीसेक किलोमीटर बाजूला असलेल्या कड्यावरून परतणारी लाट चार-साडेचार मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते, आणि पट्ट्यात ती जमिनीखालून आल्यासारखीच दिसते. म्हणून मोलाच्या उंचीवरून गणित करून, केवळ पृष्ठभागामुळे कोणती परावर्तनं दिसतील याचा कृत्रिम पट्टा बनवतात आणि खऱ्याशेजारी ठेवतात. माझी रेघ त्या कृत्रिम पट्ट्यात जशीच्या तशी होती. ती शेजारच्या पठाराची होती. खूप वाईट वाटलं. पण ही पायरी गाळून कोणी निष्कर्ष काढला तर त्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत त्या दिवशी झालं.

पुढचे कित्येक पट्टे असेच गेले. मग एक मार्ग सापडला, जिथे आजूबाजूला उंच काही नव्हतं. रेघ फिकट होती, पण अनुरूपणात तिचा मागमूस नव्हता. पृष्ठभाग आणि ती यांत ५ मायक्रोसेकंदांचं अंतर. गंमत अशी की पट्ट्यात ती शेजारच्या मैदानाच्या पातळीपेक्षा बरीच खाली खचलेली दिसत होती. कारण पदार्थात शिरल्यावर लाट मंदावते. किती मंदावते हे त्या पदार्थाच्या परावैद्युतांकावर अवलंबून असतं: शुद्ध बर्फाचा ३ च्या थोडा वर, घट्ट बेसाल्टचा ८ च्या आसपास.

बेसाल्ट धरून हिशेब केला तर जाडी आली २६५ मीटर. पण त्या जागी पदर मैदानापेक्षा सव्वाचारशे मीटर उंच होता, म्हणजे त्याचा तळ दीडशे मीटर अधांतरी लटकायला हवा. मग ३.२ घातला. जाडी ४२० मीटर. तळाची रेघ वर सरकली आणि मैदानाच्या रेषेत अलगद जाऊन बसली, जणू मैदानच पदराखाली पुढे चालू आहे. २००८ मध्ये हेलास खोऱ्याच्या पूर्वेकडच्या पदरांवर आणि पुढच्याच वर्षी ड्यूटेरोनिलसमध्ये शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं, त्यामुळे शोध नवा नव्हता. तरीही ती रेघ जागेवर बसताना बघणं हा माझ्या आतापर्यंतच्या अभ्यासातला सगळ्यात आनंदाचा क्षण आहे.

आता अडले आहे ते वरच्या थरापाशी. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे इथे उघडा पडलेला बर्फ टिकत नाही, थेट वाफ होऊन जातो. २००८ मध्ये फिनिक्स यानाने ६८ अंश उत्तरेला खणलेल्या चरातले पांढरे खडे चार दिवसांत नाहीसे झाले होते. म्हणजे पदरावर दगडमातीचं पांघरूण असणारच. पण शॅरॅडला वरचे दहाएक मीटर वेगळे दिसत नाहीत, पृष्ठभागाचं तीव्र परावर्तन ते झाकून टाकतं. डिसेंबर २०२१ मध्ये ३५ अंश उत्तरेला एक उल्का आदळली आणि दीडशे मीटर रुंद विवराभोवती बर्फाचे ठोकळे विखुरले. तसं एखादं ताजं विवर माझ्या पदरावर असेल तर पांघरुणाची जाडी सांगता येईल. सध्या त्याच यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रांत, जिथे एक पिक्सेल जेमतेम २५-३० सेंटिमीटरचा असतो, मी एकेक चौकोन करून तेच शोधते आहे.