मोका पॉट, काकवी आणि रम: फेस जमला, आता गोडीचं बघू

माझ्या एस्प्रेसो मार्टिनीचा, म्हणजे कॉफी आणि दारूच्या कॉकटेलचा, फेस टिकायला लागलाय. ओतल्यावर मिनिटभरात तपकिरी थर वर येतो, चांगला बोटाच्या पेराएवढा, आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत हलत नाही. एस्प्रेसो मशीन अजून घेतलेलं नाही. त्या पैशात वर्षभराची कॉफी येते, त्यामुळे सगळं मोका पॉटवरच, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यावरच, चाललंय.

नव्यांसाठी थोडक्यात. एस्प्रेसो मार्टिनी हे लंडनचं पेय. १९८० च्या दशकात सोहो भागात डिक ब्रॅडसेल या बारटेंडरनं ते बनवलं. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं आजचं प्रमाण असं: व्होडका ५० मिली, कालुआ (कॉफीची गोड लिकर) ३० मिली, साखरेचा पाक १० मिली आणि एक कडक एस्प्रेसो. यात खऱ्या मार्टिनीसारखी जिन नाही की व्हर्मूथ (मसाल्याची वाइन) नाही. मार्टिनी म्हणायचं ते निव्वळ ग्लासाच्या आकारावरून.

मी व्होडका काढून टाकली. कॉफीपुढे तिची स्वतःची चव काहीच उरत नाही, ती फक्त चढायचं काम करते. डार्क रममध्ये व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास आधीच असतो, तो कॉफीशी लगेच जुळतो. शुद्धतावाद्यांनी माफ करावं, किंवा करू नये.

आता कॉफी. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बार दाबानं पाणी ढकलतं, मोका पॉट जेमतेम दीड बारपर्यंत जातो. त्यामुळे मशीनसारखा क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा दाट तपकिरी फेस, मिळत नाही, आणि शेकरमध्ये फेस उठवायची जबाबदारी दाण्यावर आणि हातावर येते. ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, फेसाला त्याची मदत होते. दोन महिने डब्यात पडलेल्या पावडरीकडून अपेक्षा ठेवू नका. मी चिकमगळूरहून अरेबिका जातीचे दाणे मागवतो आणि त्यात तिसरा हिस्सा रोबस्टा जातीचे घालतो. रोबस्टाचा फेस दाट येतो आणि कडूपणा रमला पुरून उरतो. कॅफीनही जवळजवळ दुप्पट असतं, म्हणून रात्री नऊनंतर हे करत नाही.

फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर मात्र यात नको. दुधात ती झकास लागते, इथं नुसता मातकट कडवटपणा पुढे येतो. दुकानात ‘चिकोरी किती टाकू?’ असं विचारतात, तेव्हा स्पष्ट ‘अजिबात नको’ म्हणायचं.

खरा त्रास बर्फाचा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघर दुपारभर तापलेलं असतं, संध्याकाळी ओट्याच्या फरशीवर हात ठेवला तरी चटका लागतो. ट्रेमधले छोटे तुकडे बाहेर काढताक्षणी पाणी सोडतात, आणि ओल्या बर्फानं पेय गार व्हायच्या आधी पातळ होतं. म्हणून आता स्टीलच्या चौकोनी डब्यात पाणी गोठवतो आणि तो ठोकळा लाटण्यानं फोडतो. मोठे तुकडे हळू वितळतात आणि शेकरमध्ये आपटून हवा जास्त कोंडतात. शेकर आणि ग्लास अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये. बोअरच्या पाण्याचा बर्फ नको, त्याच्या क्षारांनी कॉफीची आंबटगोड बाजू दबते. पिण्याचं पाणी वापरा.

कॉफी उकळती ओतायची नाही, तशी गार व्हायची वाटही बघत बसायचं नाही. मोका पॉटमधून काढली की स्टीलच्या वाटीत घेतो आणि ती वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवतो. वाफ थांबली की शेकरमध्ये. वाफाळती कॉफी बंद शेकरमध्ये हलवली तर झाकण उडतं आणि भिंतीवर नक्षी उमटते. उलट पेय नीट गार झालं की आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं. ते हातानं ओढूनही निघेना, म्हणजे हलवणं पुरेसं झालं.

गोडीला काकवी. जिल्ह्यात उसाला तोटा नाही, आणि हिवाळ्यात गुऱ्हाळावरून आणलेली बाटली घरात असतेच. तिला किंचित खारट झाक असते, त्यानं कॉफीचा कडूपणा गोलाईदार होतो. पण काकवी थेट शेकरमध्ये ओतली तर बर्फावर गोठून तळाशी चिकटते. ती गरम कॉफीतच, वाटीत असताना, चमच्यानं विरघळवायची. अडचण एवढीच की प्रत्येक बाटलीची गोडी वेगळी. यंदाची जरा जास्त जळकी आहे, म्हणून माप अजून पक्कं होत नाही.

कालुआऐवजी घरचं लिकर. रमच्या एका हाफमध्ये, म्हणजे ३७५ मिलीत, ५० ग्रॅम दाणे जाडसर कुटून एक दिवस ठेवायचे, मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. जास्त वेळ ठेवलं तर तुरट होतं. आपल्याकडच्या रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, कालुआ त्याच्या निम्म्याहूनही हलकी. म्हणून यात सम प्रमाणात काकवीचं पाणी घालतो, आणि तरीही हात आखडता ठेवतो.

सध्याचं माप: रम ४० मिली, लिकर १५ मिली, कॉफी ३५ मिली, काकवी दीड चमचा, मिठाची कणी. पंधरा-वीस सेकंद जीव खाऊन हलवायचं, मग चहाच्या बारीक गाळणीतून उंचावरून ओतायचं. गाळणीत बर्फाचा चुरा अडकतो आणि फेस मलईसारखा येतो. वर कॉफीचे तीन दाणे.

गेल्या आठवड्यात शेजारचा मित्र आला होता. एक घोट घेऊन म्हणाला, “का बे, ही कॉफी हाय का दारू?” मग ग्लास खाली न ठेवता दुसरा मागितला. चकण्याला त्यानं शेंगा चटणी काढली, ती मात्र मी परत ठेवायला लावली. लसूण आणि तिखट जिभेवर आलं की कॉफी संपलीच. नुसते भाजलेले, सालं काढलेले शेंगदाणे चालतात.

आषाढीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असताना हे करावंसं वाटलं नाही, म्हणून त्या दिवशी बिनदारूचं केलं: कॉफी ७० मिली, काकवी, मीठ, बर्फ. फेस रमवाल्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आईनं दोनदा मागून घेतलं आणि वर वेलची घालायला सांगितली. वेलचीचा एक दाणा ठेचून रमवाल्यातही टाकून बघितला, पण तो रमच्या वासावर चढतो. आता सुंठ आणि जायफळ राहिलंय, आणि नव्या गुऱ्हाळाची काकवी येईपर्यंत गोडीचं माप दीड चमच्यावरच ठेवतोय.