बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही

सोमवार

दिवसभर एकच तिकीट पुरलं, म्हणजे आमच्या आयटी विभागाकडे आलेली एकच तक्रार. हिशोब विभागातल्या मॅडमचं खातं सारखं लॉक होत होतं. अनलॉक करून दिलं की त्या कामाला लागायच्या आणि थोड्या वेळात पुन्हा फोन. "अगं, मी पासवर्डला हातसुद्धा लावलेला नाही!" दर फोनला आवाज एक पट्टी वर. मला त्यांचं खरं वाटत होतं, पण नुसत्या वाटण्यावर जायचं नाही, लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) उघडायचा, हे इथे आल्या आल्या डोक्यात भरवलं गेलंय.

खातं लॉक झालं की डोमेन कंट्रोलरच्या (ऑफिसच्या सगळ्या खात्यांचा आणि मशीनांचा गट म्हणजे डोमेन, आणि त्यातल्यांची ओळख तपासणारा सर्व्हर हा) इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद पडते. कंट्रोलर अनेक असले तरी 'पीडीसी एम्युलेटर'ची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ही खबर पोचतेच, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. नोंदीत वापरणाऱ्याचं नाव असतं आणि खाली ज्या मशीनवरून चुकीचा पासवर्ड आला त्याचं नाव. इथे जे नाव दिसत होतं ते आमच्या यादीत कुठेच नव्हतं.

मग मी नाव सोडलं आणि वेळा बघायला लागले. ११:२५. १२:०५. १२:४०. सगळ्या पाचाच्या पटीत, आणि सेकंदाचा आकडाही दरवेळी जवळपास तोच. त्याच्या आधीच्या फसलेल्या प्रयत्नांच्या ४७७१ क्रमांकाच्या नोंदी काढल्या, त्याही दर पाच मिनिटांनी. पाच चुका झाल्या की खातं लॉक, असा आमच्याकडे नियम आहे. हिशोब जुळला. माणूस असा चुकत नाही. माणूस दोनदा घाईत चुकतो, मग कॅप्स लॉक बघतो, मग चिडून तिसऱ्यांदा मारतो. इतक्या शिस्तीत चुकायला यंत्रच लागतं.

हे मला कुठून सुचलं ते पक्कं ठाऊक आहे. गेममध्ये एखाद्या बॉससमोर (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या तगड्या शत्रूसमोर) पहिले काही डाव मी तलवार उपसतच नाही. नुसती पळते, लोळते आणि तो कधी हात उगारतो, कधी दम घेतो ते बघत राहते. आजही मॅडमना म्हटलं, "थोडा वेळ मी खातं उघडत नाही, मला बघू द्या." त्या खूश झाल्या नाहीत.

पुढचं काम पायांचं होतं. मशीनांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या यादीत त्या नावापुढे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सापडला, सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्विचमध्ये तो कुठल्या पोर्टवर आहे ते दिसलं आणि त्या पोर्टची वायर थेट स्कॅनरच्या खोलीत. टेबलाखाली एक जुनं मशीन, वर दुरुस्तीवाल्यांचं स्टिकर अजून तसंच. कित्येक महिन्यांनी आज सकाळीच परत आलेलं. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा टास्क शेड्युलर उघडला तर दर पाच मिनिटांनी स्कॅन केलेल्या फायली शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचं काम लावलेलं होतं, आणि तेही मॅडमच्या नावाने, त्यांच्या कधीकाळच्या पासवर्डवर. कुणी लावलं होतं देव जाणे. तो माणूस बहुधा नोकरी सोडून गेलाय.

एक शंका राहिली होती: पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड कुठेतरी राहून जाणं तर रोजचंच, मग दरवेळी खाती लॉक का होत नाहीत? दादाने उलगडून सांगितलं. (आमचा सीनियर. सगळे त्याला दादाच म्हणतात.) पासवर्डचा इतिहास साठवलेला असेल आणि चुकीचा पासवर्ड हा नुकत्याच मागे टाकलेल्या दोनांपैकी असेल, तर विंडोज ती चूक मोजतच नाही. दार उघडत नाही, पण चुकांचा आकडाही पुढे सरकत नाही. हे मशीन इतके दिवस बाहेर होतं की त्याच्याकडचा पासवर्ड त्या दोनांच्याही मागे गेला होता. ज्याने कुणी हा नियम घातला त्याने आमच्यासारख्यांचे किती फोन वाचवलेत!

त्या कामाला आता स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, फक्त कामाचं खातं) दिलंय. मॅडमचा शेवटचा फोन आभार मानायला नव्हता, प्रिंटर चालत नाही म्हणून होता.

मंगळवार

नव्या मुलाला एका फोल्डरचा ॲक्सेस द्यायचा होता. ग्रुपमध्ये नाव घातलं, त्याला कळवलं, त्याचं उत्तर लगेच: "उघडत नाहीये." उघडणारच नाही. आपण कुठल्या ग्रुपात आहोत याचं टोकन लॉगइन करताना बनतं आणि लॉगआउट होईपर्यंत तेच चालतं. "एकदा लॉगआउट करून परत लॉगइन कर" म्हटल्यावर त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मीही पूर्वी लोकांकडे पाहायचे. ही माणसं टाळाटाळ करतात, दुसरं काही येत नाही म्हणून हे सांगतात, असं वाटायचं.

या कामात मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट कुठली असेल तर हीच. तांत्रिक भाग वाचून, विचारून, टेस्ट मशीनवर करून येतो. पण आपण केलं आणि झालं यांच्यामधला जो वेळ असतो, त्याची मला सवयच नव्हती. लहानपणापासून गेम खेळत आलेय. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद. बटण दाबलं की पात्र उडी मारतं, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. माझी बोटं त्या हिशोबावर वाढली आहेत. आणि इथे? ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनांना एकत्र लावायची सेटिंग्ज) बदलली की मशीनं ती आपणहून उचलतात दर ९० मिनिटांनी, त्यात आणखी शून्य ते ३० मिनिटांची भर कशीही पडते, सगळी मशीनं एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून. दोन वेगळ्या साइटवरच्या (म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या) डोमेन कंट्रोलरना एकमेकांची खबर मिळायला मूळ सेटिंगप्रमाणे तीन तासही लागू शकतात. डीएनएसची (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) नोंद बदलली तर जुनं उत्तर ज्याने ज्याने लक्षात ठेवलंय त्याची मुदत संपेपर्यंत तो जुन्याच पत्त्यावर जात राहणार. आपण बरोबर केलं असलं तरी समोर चूकच दिसते.

अशा वेळी हात वळवळतो. आणखी एक सेटिंग बदलून बघू, ते नाही तर हे. मग तासाभराने दोन्ही बदल एकदमच पोचतात आणि काम कशाने झालं, की कशाने बिघडलं, ते कुणालाच सांगता येत नाही. दादाचा नियम साधा आहे: एका वेळी एक बदल, आणि तो किती वेळात दिसायला हवा ते आधी वहीत लिहायचं. तेवढ्या वेळात दिसला नाही तरच पुढचं पाऊल. घाई असेल तर पॉलिसीसाठी जीपीअपडेट ही कमांड आहे, डीएनएससाठी कॅशे (लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं) साफ करता येतो, आणि शक्य असेल तर बदलाच्या आदल्या दिवशीच नोंदीची मुदत कमी करून ठेवायची. पण मुळात थांबता आलं पाहिजे.

बुधवार

काही नाही. प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) बंद, रांगेतल्या फायली साफ, स्पूलर चालू. दिवसभर हेच.

गुरुवार

घरी आल्यावर पुन्हा स्क्रीनसमोर बसतेस, कंटाळा येत नाही का, असा प्रश्न आज परत ऐकला. दिवसभर भाजी चिरणाऱ्याने घरी येऊन जेवूच नये असं कुणी म्हणत नाही. पण वाद घातला नाही.

सध्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळतेय. लुकास पोपने केलेला, २०१८चा. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज परत येतं आणि त्यावर जिवंत कुणी नाही. तुम्ही विम्याचे निरीक्षक. ६० जणांपैकी कोण कोण होतं आणि कुणाचं काय झालं ते वहीत भरायचं. जिथे अवशेष सापडतील तिथे खिशातलं एक घड्याळ तुम्हाला त्या माणसाच्या मरणाच्या क्षणापाशी नेऊन उभं करतं, चित्र गोठलेलं, तुम्ही त्यात फिरायचं. कुणाच्या हातात काय आहे, कुणाच्या झोळीवर कुठला आकडा आहे, कोण कुणाशेजारी उभं राहतं.

मला त्यातली आवडलेली खुबी अशी की तुम्ही एक नाव बरोबर लिहिलंत तरी गेम काही बोलत नाही. तीन जणांची माहिती अचूक भरली की मगच ती पक्की होते. त्यामुळे अंदाजपंचे नावं फिरवून बघायची सोय राहत नाही. 'हे बरोबर असणार, पण अजून पावती नाही' अशा अवस्थेत दोन-दोन संध्याकाळी काढाव्या लागतात. दोन वर्षांपूर्वी मी हा गेम अर्ध्या तासात सोडला असता. आता तीच अवस्था सुखाची वाटते, आणि याचं श्रेय ऑफिसला द्यावं लागेल. गेममुळे माणूस कामात हुशार होतो असं गेम खेळणारे सगळेच सांगतात (आई-वडिलांना पटवायला ते बरंही पडतं). माझ्या बाबतीत मात्र बरंचसं उलट घडलंय, कामामुळे मी संथ गेम खेळू लागले. गेममधून इकडे काय आलं म्हणाल तर फार नाही. कोपऱ्यात पिंगचा (मशीनला हाक मारली की उत्तर किती वेळात येतं त्याचा) आकडा बघायची सवय होती, आणि इथे आल्यावर कळलं की पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंद आहे असं नाही. विंडोजचं फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही.

डोकं अगदीच उठलेलं असेल त्या दिवशी अजूनही 'सेलेस्ट' लावते. एक पडदा, उडी, मेलं, पुढच्या क्षणी पुन्हा उभं. कसलीही वाट बघायची नाही.

शनिवार

अपडेटचा शनिवार. मायक्रोसॉफ्टचे पॅचेस महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आम्ही ते आधी थोड्या मशीनवर घालतो, काही दिवस बघतो आणि मग एका शनिवारी सर्व्हरवर. ऑफिस रिकामं होतं. वाट बघता बघता दादाने मला एक प्रयोग करून दाखवला.

आभासी मशीनचा (सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या संगणकाचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली प्रत, म्हणजे गेममधलं क्विक सेव्ह, असं मी मागे कधीतरी म्हणाले होते. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. डोमेनमध्ये असलेलं एक टेस्ट मशीन, त्याचा जुना स्नॅपशॉट. "कर लोड," म्हणाला. केला. मशीन सुरू झालं, सगळं जसंच्या तसं, फक्त डोमेनच्या खात्याने लॉगइन करायला गेलं तर सरळ नकार: या मशीनचं आणि डोमेनचं विश्वासाचं नातं तुटलंय.

कारण माणसांसारखा मशीनचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि ते तो मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० दिवसांनी गुपचूप बदलतं. स्नॅपशॉट त्याच्याही आधीचा. मशीन मागे गेलं, त्याच्याकडे जुना पासवर्ड. डोमेन कंट्रोलर मात्र आजच्या तारखेतच उभा. गेममध्ये सेव्ह लोड केला की दुकानदार, शत्रू, हवामान, सगळं जगच तुमच्याबरोबर मागे येतं. इथे तुम्ही एकटेच मागे जाता आणि बाकीच्यांना सगळं आठवत असतं. डोमेन कंट्रोलरच असा मागे नेला तर काय गोंधळ होऊ शकतो आणि तो टाळायला विंडोज सर्व्हर २०१२ पासून काय तजवीज केली गेली, हे सांगताना दादा इतका रंगात आला की अपडेट होऊन सर्व्हर परत आले तरी आमचं लक्ष नव्हतं. ते नातं पॉवरशेलच्या (विंडोजला लेखी कमांड द्यायच्या साधनाच्या) एका ओळीने जोडता येतं, तेही करून घेतलं.

पॉवरशेलचं आणखी एक. बऱ्याच बदल करणाऱ्या कमांडच्या शेवटी 'व्हॉटइफ' जोडलं की ती प्रत्यक्ष काही न करता 'मी हे हे केलं असतं' एवढंच सांगते. गेममध्ये अशी सोय असती तर मी निम्म्या वेळा मेले नसते. आणि मजाही निम्मीच आली असती, ते सोडा.

रविवार

सकाळपासून 'फॅक्टोरिओ'. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: परक्या ग्रहावर तुम्ही पडलेले, सुरुवातीला लोखंड हाताने खणायचं, भट्टीत घालायचं, पत्रे झाले की त्यांची चाकं हातानेच बनवायची. थोड्याच वेळात लक्षात येतं की हाताने पुरं पडणार नाही. मग चाकं बनवणारं यंत्र, त्याला पत्रे पुरवणारा पट्टा, पट्ट्याला खाणीतून माल. २०२०च्या ऑगस्टमध्ये याची १.० आवृत्ती आली, त्याच्या आधीची काही वर्षं लोक तो कच्चाच खेळत होते, यावरून काय ते समजा.

आज पट्टे टाकताना डोक्यात मात्र सर्टिफिकेटं होती, वेबसाइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी. वेबसाइटच्या टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२६च्या मार्चपर्यंत ३९८ दिवस धरलेली. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. आमच्याकडे ही नूतनीकरणं एका एक्सेल शीटमध्ये लाल-पिवळ्या रंगात राहतात आणि ज्याच्या लक्षात येईल तो ती करतो. वर्षातून एकदा होतं म्हणून हे चाललं. ४७ दिवसांवर ते हाताने चाक घडवत बसण्यासारखं होईल.

दादाला रात्रीच मेसेज टाकला: एसीएमईवर (सर्टिफिकेटं आपोआप नवी करून घ्यायच्या पद्धतीवर) आणायचं, आधी टेस्ट सर्व्हर, मग बाकीचे. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "पाहुण्यांच्या नोंदणीच्या जुन्या यंत्राचं काय?" ते विसरून चालणार नाही. त्याला सर्टिफिकेट फक्त त्याच्या वेबपानावरून हाताने चढवता येतं, दुसरी वाटच नाही. निव्वळ आतल्या वापराचं असतं तर आपल्या स्वतःच्या सर्टिफिकेट सर्व्हरवरून दिलं असतं, त्याला हा नियम लागू नाही. पण ते पान बाहेरचे पाहुणे आपापल्या फोनवरून उघडतात.

म्हणजे त्याच्यापुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती आधी स्वतः घेऊन मागे पोचवणारा सर्व्हर) उभी करावी लागणार. सर्टिफिकेट तिच्यावर, यंत्र मागे. रिव्हर्स प्रॉक्सी मी अजून केलेली नाही. उद्या टेस्टवर एक टाकून बघते.