चार मोहरी मारात

शनिवार, रात्र

भाचा संध्याकाळी कोथरूडला आला तो वही घेऊनच. बुद्धिबळात काळी मोहरी आली की बरोबरी पुरे, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. ग्रँडमास्टर अभिजित कुंटेंच्या गावातली पोरं असं म्हणायला लागली तर कसं व्हायचं! पट मांडला आणि विश्वनाथन आनंदचा आर्मेनियाच्या अरोनियनविरुद्धचा डाव काढला. नेदरलँड्समधली वाइक आन झीची स्पर्धा, जानेवारी २०१३. आनंद काळ्याकडून. सेमी-स्लाव्ह या ओपनिंगमधली मेरान ही शाखा, म्हणजे सुरुवातीपासूनच हाणामारी.

तेराव्या चालीला पांढऱ्याच्या घोड्यानं एच७ घरातलं प्यादं खाल्लं. आनंदनं त्याकडे बघितलंच नाही, आपला घोडा जी४वर नेला. मग उंट सी५वर प्याद्याच्या तोंडी दिला आणि सोळाव्या चालीला दुसरा घोडा ई५वर. इथं आम्ही बराच वेळ थांबलो. सी५चा उंट, दोन्ही घोडे, एफ८चा हत्ती: काळ्याची चार मोहरी एकाच वेळी मारात!

"मामा, एफच्या प्याद्यानं घोडा मारला तर?"

मार म्हटलं. वजिराचा डी४वर शह, राजा एच१ला, आणि वजीर थेट जी१वर. मागून उंटाचा जोर, त्यामुळे राजाला मारता येत नाही, हत्तीनंच मारावा लागतो. मग एफ२वर घोडा आणि मात. स्वतःच्याच मोहऱ्यांत राजा कोंडलेला. पोरगा ती मात पुन्हा पुन्हा मांडत बसला.

अरोनियन अर्थातच त्यात सापडला नाही, त्यानं उंटानं जी४चा घोडा मारला. मला सगळ्यात आवडते ती एकोणिसावी चाल. पांढऱ्यानं हत्ती खाल्ला, तरी तो घोडा परत न मारता आनंद शांतपणे प्यादं एफ५ला सरकवतो. तेविसाव्या चालीला उंट ई३वर आला आणि अरोनियननं डाव सोडला. उंट मारला तर वजीर एच३वर शह देतो, आणि जी२चं प्यादं बी७च्या उंटानं जखडलेलं, त्यामुळे त्याला वजीर मारता येत नाही.

"पण ही तयारी घरचीच ना?"

घरचीच, २०१२च्या गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी केलेली. त्यानं माझ्या लेखी डाव तसूभरही कमी होत नाही. महिन्यांपूर्वी पाहिलेलं घड्याळ चालू असताना आठवायचं आणि समोर अरोनियन असताना सगळं पणाला लावायचं, ही छाती पाठांतरानं येत नाही.

राजावर रोखलेले ते दोन उंट बघून जुन्या काळचा दिग्गज रुबिनस्टाइन याचा १९०७चा रोटलेवीविरुद्धचा डाव आठवला. तोही काळ्यानंच जिंकलेला. पुढच्या शनिवारी तो मांडू.