स्केचवही, नववा आठवडा: साखळी चुकली

नियम तेच: रोज एक पान, जेल पेन, खोडरबर बंद. लंबवर्तुळं अजून बटाट्यासारखी येतात, पण त्याबद्दल आता रडत नाही. या आठवड्यात समोर काही न ठेवता, नुसत्या आठवणीतून यंत्रं काढायची ठरवली होती.

सुरुवात सायकलपासून. चाकं, सीट, हँडल झकास उतरलं आणि मग मी साखळी थेट पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ओढली! अशा सायकलचं हँडल वळेल कसं? वर्षानुवर्षं सायकल चालवतोय, पण ती कशी चालते हे कधी पाहिलंच नव्हतं. रेबेका लॉसन या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लोकांकडून सायकलची चित्रं पूर्ण करून घेतली होती. त्यातही अनेकांनी साखळी दोन्ही चाकांना गुंडाळली होती. तेवढाच दिलासा. दुसऱ्या पानावर प्रत्येक सांध्याशी थांबलो: पायडल कशाला जोडलंय, ही दांडी कुठून येते? चित्र आधीपेक्षा कुरूप झालं, पण सायकल चालण्यासारखी झाली.

मग फ्लशची टाकी. भावाला समजवायची होती म्हणून छान छटा देऊन, पाण्यावर चमक वगैरे काढून दाखवली. तो म्हणाला, "मस्त आलंय." बस्स. पाणी आपोआप कसं थांबतं ते त्याला कळलंच नाही. छटांची हौस मलाच, आणि ती नडली. नंतर पाठकोऱ्या कागदावर चार रेघा मारल्या: तरंगता फुगा, त्याची दांडी, झडप. फुगा वर चढतो तिथे एक बाण, झडप मिटते तिथे दुसरा. आता त्याने माझ्या हातातून पेनच घेतलं आणि "जादा पाणी जायची नळी राहिली" म्हणत ती स्वतः काढली. मघाच्या देखण्या चित्रावर रेघ ओढायची त्याची हिंमत झाली नसती.

डार्विनच्या १८३७ च्या वहीतलं, झाडाचं चित्र असलेलं ते पान पुन्हा पाहिलं. वर 'मला वाटतं' अशा अर्थाचे दोन शब्द, खाली वेड्यावाकड्या फांद्या. चित्रकला म्हणून पास करणार नाही कुणी, पण एका प्रजातीतून अनेक कशा फुटतात ते दिसतं.

पुढच्या आठवड्यात कुलूप, आतून. किल्ली फिरल्यावर नेमकं काय सरकतं याचा माझा अंदाज आधी वहीत काढून ठेवलाय; कुलूप उघडून बघणार शनिवारी.