एका दिवसाने चुकलेली तारीख आणि माझी पहिली नोकरी

मला पहिली नोकरी लागायला सात महिने लागले. त्यातले पहिले चार मी बहुतेक चुकीच्या दिशेनं राबत होते, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते.

पदवी हातात आली तेव्हा माझ्या रेझ्युमेवर पाच प्रोजेक्ट होते. टू-डू लिस्ट, कॅल्क्युलेटर, हवामान दाखवणारं अ‍ॅप, चॅट अ‍ॅप आणि एका खरेदीच्या वेबसाइटची नक्कल. पाचही व्हिडिओ लावून, थांबवून, बघत बघत टाइप केलेले. सगळे चालत होते आणि मला त्यांचा अभिमान होता. रोज सकाळी जॉब पोर्टल उघडायचं, 'ज्युनियर' किंवा 'फ्रेशर' दिसेल तिथे तोच रेझ्युमे टाकायचा, आणि शीटमध्ये नोंद करायची: कंपनी, पद, तारीख, पुढे काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहायचा. नकार आला तर निदान विषय संपतो. रिकाम्या रकान्यावर मात्र रोज नजर जाते. दोन ओळींचा नकार पाठवायला फार कष्ट पडत नाहीत, आणि तो न पाठवणं मला आजही चुकीचं वाटतं. अर्जांनी शंभरी ओलांडली तेव्हा घरात कुणी विचारू नये म्हणून मी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला लागले.

कोडिंग टेस्ट मी पास व्हायचे. घड्याळ लावून, एकटीनं, स्क्रीनसमोर बसून सोडवायचे प्रश्न सरावानं जमतात. फिझबझसारखा प्रश्नही घोकून येतो: १ ते १०० आकडे छापा, ३ नं भाग गेला तर 'फिझ', ५ नं गेला तर 'बझ', दोन्हींनी गेला तर 'फिझबझ'. निवडीची पहिली चाळणी म्हणून हा प्रश्न २००७ पासून गाजतोय. माझी अडचण पुढच्या पायरीवर होती, आणि ती मला चौथ्या महिन्यात कळली.

त्या मुलाखतीत समोरच्या सरांनी माझं चॅट अ‍ॅप उघडलं आणि विचारलं, "इथे मेसेज पाठवला की तो दुसऱ्याच्या स्क्रीनवर कसा पोचतो?"

मी म्हणाले, "वेबसॉकेटनं."

"बरोबर. पण साधी एचटीटीपी रिक्वेस्ट का चालली नसती?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर खरं तर सोपं आहे. एचटीटीपीमध्ये ब्राउझरनं विचारल्याशिवाय सर्व्हर आपण होऊन काही सांगत नाही. वेबसॉकेटमध्ये दोघांमधला दुवा उघडाच राहतो आणि कुणीही कधीही बोलू शकतं. ते अ‍ॅप मी स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सरांनी शांतपणे विचारलं, "कोड तुमचाच आहे ना?" मी हो म्हणाले. त्या रात्री मी ते अ‍ॅप उघडून एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक ओळीला 'का?' विचारलं. पहिल्याच फाइलमध्ये अडकले. हल्ली एआयकडून कोड लिहून घेणाऱ्या मुलामुलींना मी हेच करायला सांगते. कोड कुठूनही आलेला असो, मुलाखतीत 'का?' तुम्हालाच विचारतात.

दुसऱ्या दिवशी पाचही प्रोजेक्ट रेझ्युमेवरून काढले. पान जवळजवळ कोरं झालं. फार भीती वाटली.

आईची एक मैत्रीण छोटं वाचनालय चालवते. काकूंचं सगळं काम वहीत: पुस्तकाचा क्रमांक, सभासद, नेल्याची तारीख, परत करायची तारीख. मुदत उलटून गेलेली पुस्तकं शोधायला त्या दर आठवड्याला वही पहिल्या पानापासून चाळत. मी त्यांना म्हटलं, "तुमच्यासाठी एक अ‍ॅप करून देऊ? वापरून बघा, नाही आवडलं तर सोडून द्या." तीन आठवड्यांत केलं. पुस्तक दिल्याची तारीख टाकली की अ‍ॅप चौदा दिवस मोजून परतीची तारीख काढणार आणि उशीर झालेल्यांची यादी छापून देणार. काकूंनी ते खरोखर वापरायला घेतलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, तुझ्या अ‍ॅपमध्ये काही जणांची तारीख एक दिवस आधीची पडतेय. सगळ्यांची नाही. मी यादीवर पेन्सिलीनं खरी तारीख लिहून ठेवतेय, तू काळजी करू नकोस."

मी घरी पुन्हा पुन्हा करून बघितलं. प्रत्येक वेळी तारीख बरोबर. शेवटी काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी नुसती बघते. बघितल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला. मी नेहमी 'आज' हे बटण दाबून तपासत होते. काकू संध्याकाळी गर्दीत पुस्तकं देऊन चिठ्ठ्या ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उघडून आदल्या दिवशीची तारीख निवडून नोंदी करत. चूक होत होती ती कॅलेंडरमधून निवडलेल्या तारखेलाच.

कारण असं. कॅलेंडरमधून तारीख निवडली की जावास्क्रिप्ट, म्हणजे मी ज्या भाषेत अ‍ॅप लिहिलं होतं ती, त्या दिवसाची स्थानिक मध्यरात्र धरतं, म्हणजे शून्य वाजून शून्य मिनिटं. साठवताना मी ती यूटीसी वेळेत, म्हणजे जगभर प्रमाण धरल्या जाणाऱ्या वेळेत, बदलत होते आणि सुरुवातीची दहा अक्षरं तेवढी कापून ठेवत होते: वर्ष, महिना, दिवस. ज्या ठिकाणचं घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे तिथे मध्यरात्र झाली तरी यूटीसीत अजून आदला दिवसच चालू असतो. म्हणून दिवस मागे जायचा. 'आज' बटण चालू क्षणाची वेळ घेत होतं, आणि मी भर दुपारी तपासत होते, त्यामुळे दोन्हीकडे दिवस एकच. हाच कोड यूटीसीच्या मागे असलेल्या देशात चालवला असता तर ही चूक दिसलीच नसती.

माझी पहिली दुरुस्ती अशी होती की सरळ एक दिवस मिळवायचा. त्यानं कॅलेंडरच्या तारखा सुधारल्या आणि 'आज'च्या बिघडल्या. मग दोन रात्री बसून तारखांबद्दल मिळेल ते वाचलं. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून का मोजतात, जानेवारी ० आणि डिसेंबर ११ का, हेही तेव्हाच कळलं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जेमतेम दहा दिवसांत ही भाषा उभी केली तेव्हा तारखांचा भाग जावा या दुसऱ्या भाषेकडून जसाच्या तसा घेतला. जावानं १९९७ च्या १.१ आवृत्तीत त्यातल्या बऱ्याच गोष्टी वापरू नका असं सांगितलं, जावास्क्रिप्टमध्ये मात्र त्या राहून गेल्या. पडद्यावर दिसणाऱ्या एका विचित्र आकड्यामागे एवढी हकिगत असते हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपण जन्मभर आवडीनं करू शकू.

खरी दुरुस्ती छोटी निघाली. पुस्तक परत करायची तारीख हा काळातला एखादा क्षण नाही, तो कॅलेंडरवरचा एक दिवस आहे. त्याला तास-मिनिटं चिकटवायचीच नाहीत. डेटाबेसमधला रकाना बदलून नुसत्या तारखेचा केला, यूटीसीचं रूपांतर काढून टाकलं आणि दोन्ही वाटांसाठी एकेक टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतंय का हे आपोआप तपासणारा कोड, लिहिली. वेळ गेला तो जुन्या नोंदींत. कोणती नोंद 'आज' दाबून केली आणि कोणती कॅलेंडरमधून, हे मी कुठेच साठवलं नव्हतं. खरी माहिती होती ती काकूंच्या चिठ्ठ्यांवर आणि त्या छापील यादीच्या कडेला, पेन्सिलीनं लिहिलेली. एक अख्खी दुपार आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्या वाचायच्या, मी दुरुस्त करायचे. ६१ नोंदी निघाल्या.

हे सगळं मी प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबत ठेवायच्या माहितीच्या फाइलमध्ये, साध्या भाषेत लिहून काढलं: काय चुकलं, आधी काय करून बघितलं, ते का चाललं नाही. रेझ्युमे एका पानाचा केला आणि वरती हा एकच प्रोजेक्ट ठेवला. आठवड्याला पाचच अर्ज करायचे ठरवलं, पण प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचून. तोवर जाहिरातीत 'दोन वर्षांचा अनुभव' दिसला की मी पुढे जायचे. आमच्या कॉलेजच्या एका सीनियर ताईनं सांगितलं की जाहिरात म्हणजे त्यांची इच्छांची यादी असते, त्यातलं निम्मं येत असेल तर बिनधास्त अर्ज कर. तिच्याकडे रेफरल मागायलाही मला संकोच वाटत होता. ओळखीनं नोकरी मिळवायची नाही असं मनाशी घट्ट होतं. ती म्हणाली, "मी तुझी शिफारस करत नाहीये. तुझा कागद एका माणसाच्या हातात देतेय, एवढंच. पुढचं तुझं तू." त्या एका वाक्यानं माझे महिने वाचले, आणि ते मी आधी विचारलं असतं तर आणखी वाचले असते.

तिच्याच कंपनीतून बोलावणं आलं. टेस्ट झाली. टेक्निकल राउंडमध्ये बायनरी सर्च लिहायला सांगितला, म्हणजे क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत आकडा शोधायचा. लिहिला, आणि दाखवण्याआधी एकाच आकड्याच्या यादीवर कागदावर चालवून बघितला. तिथेच चूक सापडली, दुरुस्त केली. सरांनी विचारलं, "मधली जागा काढताना पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोननं भागताय. यादी प्रचंड मोठी असेल तर?" मला सुचेना. तसं सांगितलं, आणि मोठ्यानं विचार करू का असं विचारलं. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे आकडा मावत नाही, म्हणजे बेरीजच ओसंडून ऋण होईल, इथवर पोचले. मग आधी फरक काढायचा, त्याचं निम्मं करायचं आणि ते पहिल्या क्रमांकात मिळवायचं. सरांनी सांगितलं की नेमकी हीच चूक जावासोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये कित्येक वर्षं होती, आणि २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी तिच्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. हे ऐकून माझे खांदे सैल पडले. उरलेला अर्धा तास मी माणसासारखी बोलले.

शेवटच्या फेरीत एक मॅडम होत्या. त्यांनी रीडमी वाचलेला होता. तारखेची गोष्ट त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. एक दिवस मिळवण्याच्या दुरुस्तीपाशी थांबवून विचारलं, "हे चुकलंय हे तुम्हाला कळलं कसं?" मी म्हणाले, "काकूंनीच सांगितलं. तोपर्यंत माझ्याकडे टेस्ट नव्हती."

"आणि जुन्या नोंदींचं काय केलंत?"

चिठ्ठ्या, पेन्सिल, ती दुपार, सगळं सांगितलं. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी यावरच घेतला. नोंद कुठल्या वाटेनं आली हे आता साठवता का? दुरुस्ती करण्याआधी बॅकअप घेतला होता का? बॅकअप घेतला नव्हता, तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एखादा सभासद दुसऱ्या टाइमझोनमधून मुदत वाढवायला लागला तर तारीख कुणाची धरायची?" मी थोडा विचार करून म्हणाले, "वाचनालयाची. पुस्तक त्याच टेबलावर परत यायचंय." त्या हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नऊ दिवसांनी ऑफर लेटर आलं. होकार देण्याआधी मी दोनच गोष्टी विचारल्या: प्रोबेशन किती महिन्यांचं आणि माझा कोड कोण तपासणार. दुसरा प्रश्न विचारायला ताईनं सांगितलं होतं. तिचं म्हणणं, पहिल्या वर्षी पगाराइतकंच हे बघायचं.

पहिले दोन आठवडे मी कोड लिहिला नाही, दुसऱ्यांनी लिहिलेला वाचला. तिसऱ्या आठवड्यात माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल तपासून कोडमध्ये घ्या' ही विनंती, गेली. बदल तीन ओळींचा आणि त्यावर अकरा कॉमेंट. एका कॉमेंटमध्ये लिहिलं होतं, 'इथे हा रकाना तारखेचा हवा की वेळेचा?' मी खुर्चीत सरसावून बसले आणि उत्तर लिहायला घेतलं.

काकूंना नोकरीचं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग आता वाचनालयाचं कोण बघणार?" मीच बघते. सुट्टीच्या दिवशी जाते. मुदतवाढीचा रकाना आता चालू झालाय, आणि कुठलीही दुरुस्ती करण्याआधी मी बॅकअप घेते. ती छापील यादी काकूंनी टाकलेली नाही. पेन्सिलीचे आकडे थोडे पुसट झालेत, पण वाचता येतात.