‘इन रिकव्हरी’ दिसतंय? पुन्हा रीस्टार्ट करू नका

सर्व्हर रीस्टार्ट झाला, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची सर्व्हिस वर आली, बाकीचे डेटाबेस उघडले. पण सगळ्यात मोठा, ज्यावर सगळं काम चालतं नेमका तोच, नावापुढे ‘इन रिकव्हरी’ लावून बसला. अशा वेळी मला हमखास विचारलं जातं, “अजून एकदा रीस्टार्ट करून बघू का?” नको. अगदी कळकळीने सांगतो, नको.

तो डेटाबेस बहुतेक वेळा अडकलेला नसतो, कामात असतो. आधी तो शेवटच्या चेकपॉइंटपासून (तोवरचे बदल डेटा फाइलमध्ये उतरवल्याची खूण) लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, वाचून काय अर्धवट राहिलंय ते ठरवतो. मग लॉगमध्ये नोंदलेले, पण डेटा फाइलपर्यंत न पोहोचलेले बदल पुन्हा लावतो (रीडू). शेवटी कमिट न झालेली, म्हणजे पक्की न झालेली ट्रान्झॅक्शन्स (व्यवहार) उलटवतो (अनडू). आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 साली मांडलेल्या ‘एरीज’ पद्धतीवर हे बेतलेलं आहे. मध्येच सर्व्हिस बंद केलीत तर पुढच्या वेळी लॉग वाचण्यापासून पुन्हा सुरुवात होते. आणि लॉग फाइल उडवून ‘सुटका’ करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकूच नका. अर्धवट व्यवहार उलटवण्याची माहिती त्याच फाइलमध्ये असते.

मी आधी एरर लॉग (सर्व्हरच्या संदेशांची वेगळी फाइल) उघडतो. तिथे किती टक्के झालं, अंदाजे किती सेकंद उरले आणि तीनपैकी कितवा टप्पा चालू आहे, हे लिहून येतं. सेकंदांचा अंदाज वरखाली होतो, त्यावर कुणाला वेळ कळवू नका. टक्के पुढे सरकताहेत ना, एवढं बघा. सोबत डेटाबेसची स्थिती नीट वाचा. ‘रिकव्हरिंग’ म्हणजे काम चालू आहे. ‘रिकव्हरी पेंडिंग’ म्हणजे ते सुरूच होऊ शकलेलं नाही: फाइल सापडत नाही, ड्राइव्ह जोडला गेलेला नाही, परवानगी नाही किंवा जागा संपली आहे. तिथे वाट बघून काही होत नाही, कारण शोधावं लागतं. ‘सस्पेक्ट’, म्हणजे रिकव्हरी फसली आणि डेटा खराब असू शकतो, असं दिसलं तर बॅकअप हाताशी घेऊनच पुढे जा.

मागे एका ठिकाणी जुन्या नोंदी काढायचा एकच अवाढव्य डिलीट तासन्‌तास चालला होता. सर्व्हर मंद झाला म्हणून कुणीतरी तो रीस्टार्ट केला. रीडू उरकला, अनडू मात्र संपेना. डिलीट करताना अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) राबू शकतात, उलटवणं मात्र सहसा एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे परतीची वाट लांबते. एंटरप्राइज आवृत्तीत रीडू संपताच डेटाबेस उघडतो. तिथे स्टँडर्ड होती, म्हणून शेवटपर्यंत थांबणं आलं. फोनवरच्या माणसांचा जीव टांगणीला लागला होता, ते मला कळत होतं. मी दर थोड्या वेळाने त्यांना टक्के कळवत राहिलो. डेटाबेस उघडला, एकही कमिट झालेली नोंद गेली नव्हती.

टक्केच दिसत नसतील आणि सगळं थिजल्यासारखं वाटत असेल, तर मला व्हीएलएफचा, म्हणजे लॉग फाइलच्या आतल्या भागांचा, संशय येतो. लॉग फाइल बारीक बारीक तुकड्यांनी वाढत गेली की आत हजारो व्हीएलएफ साचतात आणि सुरुवातीलाच वेळ जातो. डेटाबेस उघडल्यावर डीबीसीसी लॉगइन्फो ही कमांड चालवून ओळी मोजा, एक ओळ म्हणजे एक व्हीएलएफ. मग लॉगचा बॅकअप घेऊन फाइल आक्रसा आणि मोठ्या टप्प्यांत पुन्हा वाढवा.

त्या ठिकाणी आता डिलीट काही हजार ओळींच्या तुकड्यांनी चालतो. रीस्टार्टआधी डीबीसीसी ओपनट्रान ही कमांड चालवून जुनं ट्रान्झॅक्शन उघडं नाही ना, ते पाहतात. एसक्यूएल सर्व्हर 2019 पासून आलेली ॲक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरीही सुरू केली आहे. ती आपोआप चालू नसते, मुद्दाम करावी लागते. ओळींच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसमध्येच राहतात, त्यामुळे जागा जास्त लागते. पण अनडू लगेच आटपतो, आणि त्यासाठी ती जागा मी आनंदाने देतो.